सांगशाकची टेकडी

1944 साली जपानी फौजा हिंदुस्थानच्या सरहद्दीत शिरल्या, हे सांगताना इंफाळ आणि कोहिमा ही दोन नावे घेतली की आपणांस सारे सांगितल्यासारखे वाटते. पण या दोन्ही ठाण्यांना सावरायला जी उसंत मिळाली, तिच्यातील काही दिवस मणिपूरच्या डोंगरांतील सांगशाक या तांखुल नागा खेड्याने मिळवून दिले. तिथे लढणाऱ्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, हे महाराष्ट्रातही थोड्यांनाच ठाऊक असेल.

टेकडीवर मुख्यतः पन्नासावे पॅराशूट ब्रिगेड होते. मात्र विमानातून उडी घेण्याचे शिक्षण घेतलेले हे जवान इथे पायीच लढले. 19 मार्चला पुढच्या एका चौकीवर जपान्यांची धाड आली आणि 152 व्या बटालियनची एक कंपनी जवळजवळ सबंध कापली गेली. मग विखुरलेल्या तुकड्या मागे घेऊन 22 मार्चपर्यंत सांगशाकला एकवटल्या.

जागा लढण्याजोगी नव्हती. दोनतीन फूट खणले की कुदळीला खडक लागे. म्हणजे खंदकात माणूस धड उभाही राहू शकत नसे. काटेरी तारा नव्हत्या. पाणी अगदी तुटपुंजे होते. विमानांतून टाकलेले दारूगोळ्याचे बरेचसे गठ्ठे शत्रूच्या हाती पडत. मेलेली खेचरे पुरायलाही जमीन नव्हती. त्यांच्या दुर्गंधीतच जखमींची शुश्रूषा चाले. रात्री जपानी इतके जवळ येत की लढाई हातबाँब आणि संगिनींवर येई. माथ्यावरच्या चर्चसाठी 26 तारखेला झटापटीमागून झटापटी झाल्या. जागा गेली, परत घेतली, पुन्हा गेली. त्या रात्री माघारीचा हुकूम आला. हलवता न येण्याजोगे जखमी मागेच राहिले.

वरवर पाहता हा पराभवच. परंतु मियाझाकींच्या हाताखालचे जे जपानी सैन्य इथे अडकले, ते मुळात कोहिमाकडे निघाले होते. वाट सोडून ते या टेकडीवर चढले, त्यात शेकडो माणसे आणि मोलाचे दिवस गमावून बसले. कोहिमाचा वेढा एप्रिलच्या आरंभी पडला, तोवर तिथे थोडीफार तरी कुमक पोचू शकली.

कुणी विचारील, परक्या सरकारच्या चाकरीतल्या या लढाईचे कौतुक आपण का करावे? प्रश्न रास्त आहे. पण मला वाटते, राज्य कुणाचे हा हिशेब वेगळा आणि त्या उथळ खंदकात गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढणाऱ्या शिपायाचा हिशेब वेगळा. पहिला मांडताना आपण दुसरा पुसून टाकला. अंधारात टेकडी उतरणाऱ्या त्या माणसांना एवढेच ठाऊक होते, की आपण हरलो. आपल्या त्या दिवसांनी काय साधले, हे सांगायला तेव्हा त्यांच्याजवळ कुणी नव्हते. निदान आज तरी ते आपण सांगावे.