'पगार' कुणाचा?

परवा सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, 'पगार' मराठी शब्द आहे की उर्दू?"

मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. तनख्वाह फारसीतून उर्दूत आला. 'तन' म्हणजे शरीर आणि 'ख्वाह' म्हणजे मागणारा. वेतन संस्कृत. सरकारी कागदावर तोच छापतात, पण शिक्षकखोलीत "वेतन झालं का?" असं कुणी विचारत नाही. तिसरा पगार, आणि तो पोर्तुगीज आहे.

पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे देणं. 1534 च्या तहानं वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. 1661 च्या विवाहकरारानं मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. पोर्तुगीज गेले, त्यांचा शब्द मात्र इथंच राहिला. मराठीत तो नाम झाला. गुजरातीतही तो आहे.

पोर्तुगीजांना तो लॅटिनकडून मिळाला. तिथं मूळ शब्द 'पाकारे', म्हणजे शांत करणं. तो 'पाक्स', म्हणजे शांतता, यावरून आला. घेणेकऱ्याचे पैसे चुकते केले की तो शांत होतो, असा हा प्रवास. हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'पे' झाला. म्हणजे 'पगार' आणि 'पेमेंट' हे चुलतभाऊ.

हे वाचलं तेव्हा मला आमचं मदनपुऱ्यातलं घर आठवलं. अब्बा लालबागच्या एका गिरणीत साचावर होते. घरात उर्दू, तरी ते कधी तनख्वाह म्हणाले नाहीत. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या सोबत्यांसारखं तेही पगारच म्हणायचे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा लहान होतो. अम्मी सांगते, आधी पगाराच्या दिवशी वाण्याची उधारी फिटायची आणि घरात सगळे मोकळेपणानं जेवायचे. संपात तो दिवस उजाडेनासा झाला. लॅटिन न शिकताही तिला त्या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक होता.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. पगार लिस्बनहून आला म्हणून त्याला कुणी परका म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथं घाम गाळणाऱ्यांच्या तोंडी राहून तो इथला झाला.

मुलीला मी सांगितलं, "बेटा, पगार मराठी आहे."

तिनं वहीत तसंच लिहून घेतलं.