सुरखी आणि सिमेंट

‘सुरखी’ हा शब्द फारशी ‘सुर्ख’, म्हणजे तांबडा, ह्यावरून आला. भाजक्या विटांची पूड चुन्यांत मिसळून बांधकामास वापरीत, तीच सुरखी. नुसता चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घट्ट होतो. जाड भिंतीच्या गाभ्यांत हें काम फार मंद चालतें, पाण्याखालीं तर जवळजवळ चालतच नाहीं. भाजलेल्या मातींतील सिलिका व ॲल्युमिना मात्र चुन्याशीं पाण्यांतहि संयोग पावतात. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस ह्यानेंहि नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूंत एक तृतीयांश खापरांची पूड मिसळण्यास सांगितलें आहे.

जुनें बांधकाम निर्धूम होतें, असें हल्लीं कित्येक लिहितात. तें ग्राह्य नाहीं. १०० मण शुद्ध चुनखडी भाजली असतां चुना ५६ मण निघतो. उरलेले ४४ मण वायुरूपानें निघून जातात. सरपण वेगळेंच. भिंतींतील चुना त्या वायूचा कांहीं भाग सावकाश परत घेतो, सरपणाचा धूर मात्र परत येत नाहीं. आमच्या मतें जुन्या गवंड्यांची खरी काटकसर सुरखींत होती. भट्टीचा जाळ एकदां सोसलेली वीट फुटली तरी टाकाऊ ठरत नसे. तिची पूड होऊन ती पुढल्या भिंतींत जाई. (जळून काळी पडलेली वीट मात्र ह्या कामीं निरुपयोगी.) मोठ्या कामांस मोडक्या विटा पुरत नसत, तेथें माती मुद्दाम भाजावी लागे.

म्हैसूर संस्थानांतील कृष्णराजसागर धरणाचें काम १९११ सालीं सुरू झालें. तें सुरखीच्या चुन्यांत बांधिलें आहे. पुढें सिमेंटाचा प्रसार होऊन सुरखी मागें पडली, तरी १९६३ सालीं पुरें झालेल्या भाक्रा धरणाच्या काँक्रिटांतहि भाजकी माती आहेच.

सन २०२३ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें भाजकी माती व चुनखडी घातलेल्या सिमेंटाचें मानक, आयएस १८१८९, प्रसिद्ध केलें. सिमेंटाचा क्लिंकर सुमारें १४५० अंशांवर भाजावा लागतो, मातीस ८०० च्या आसपास पुरतात. शिवाय मातींतून चुनखडीसारखा वायु सुटत नाहीं. तत्त्व सुरखीचेंच, फरक इतकाच कीं ही माती खाणींतून नवी काढलेली असते. मोडक्या विटेची सुरखी करावयाची तर ती आधीं वेगळी निवडली पाहिजे. पाडकामाच्या मालाविषयींच्या २०१६ च्या नियमांनीं मात्र विटा आणि भिंतीचा मसाला एकाच वर्गांत घातले.