बुकित ब्राऊन : सिंगापूरमधील एक चिनी दफनभूमी

सिंगापूरमधील बुकित ब्राऊन ही टेकडी जॉर्ज हेन्री ब्राऊन या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे ती होक्किएन समाजातील ओंग कुळाकडे आली. तत्कालीन चिनी दफनभूमी बहुधा कूळ व बोली यांनुसार विभागलेल्या असत. ज्यांना असा आधार नव्हता त्यांची सोय कोठे व्हावी, हा प्रश्नच होता. नगरपालिकेने १९१९ मध्ये जमीन संपादित केली आणि १ जानेवारी १९२२ रोजी ही दफनभूमी सर्व चिनी लोकांस खुली झाली. १९७३ मध्ये ती बंद झाली, तेव्हा येथे सुमारे एक लाख थडगी होती.

थडग्यांवरील लेख हे स्थलांतराच्या इतिहासाचे अस्सल साधन होय. मृताचे चीनमधील मूळ गाव त्यांत कोरलेले आढळते. कालगणना कोठे छिंग राजवटीची, कोठे चिनी प्रजासत्ताकाची, तर जपानी अंमलातील (१९४२-४५) काही लेखांत चक्क जपानी शकाची आहे. काही धनिकांच्या थडग्यांपुढे शीख पहारेकऱ्यांचे पुतळे उभे आहेत. हयातीत पेढीच्या दारावर असणारा पंजाबी रखवालदार मृत्यूनंतरही राखणीस ठेवलेला दिसतो. भारतीय अभ्यासकांनी हे पुतळे अवश्य पाहावेत.

२०११ मध्ये शासनाने टेकडीतून महामार्ग नेण्याचे जाहीर केले. त्यासाठी ३,७०० हून अधिक थडगी उकरण्यात आली. २०१८ मध्ये रस्ता वाहतुकीस खुला होऊ लागला. तत्पूर्वी बाधित थडग्यांची नोंद करण्यात आली खरी, परंतु नोंद म्हणजे स्थळ नव्हे. उर्वरित जमीनही भावी घरबांधणीसाठी राखीव आहे. छिंगमिंगच्या दिवसांत वंशज अजूनही येथे येऊन पूर्वजांची थडगी झाडतात.