इंचा

स्पॅनिश भाषेत फुटबॉलच्या कट्टर चाहत्याला ‘इंचा’ म्हणतात, आणि त्याचे मूळ ‘इंचार’, म्हणजे फुगविणे, या क्रियापदात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी माँटेव्हिडिओच्या नासिओनाल क्लबात प्रुदेन्सिओ मिगेल रेयेस नावाचा एक जीनगर चेंडूंत हवा भरण्याच्या चाकरीस होता. चामड्याच्या चेंडूत छातीतला दम ओतून, त्याची वादी आवळून झाली, की सामन्याच्या वेळी हाच गृहस्थ मैदानाच्या कडेने धावत ‘नासिओनाल!’ अशी आरोळी ठोकी, आणि लोक विचारीत, हा कोण? तर तो फुगविणारा! व्युत्पत्तीच्या दप्तरात इतकी जिवंत नोंद मला क्वचितच आढळली. आज मेस्सीला मस्तकी धरणारा आणि प्रशिक्षकाच्या बडतर्फीसाठी गर्जणारा अर्जेंटिनी चाहताही इंचाच म्हणविला जातो.