वनमानुष आणि त्याचे वन

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे अरण्य. आपल्या 'वनमानुष' या शब्दाची घडणही हीच. ओरँगउटानच्या संरक्षणाचा इतिहास वाचताना मात्र ही जोडी सतत फुटताना दिसते. मानुषाला वाचवण्याची धडपड पुष्कळ झाली. वनाकडे लक्ष गेले ते फार उशिरा.

१८५५ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस बोर्निओतील सारावाकच्या जंगलात नमुने गोळा करीत होता. त्याने गोळी घातलेल्या एका मादीचे तान्हे पिल्लू त्याला दलदलीत सापडले. दूध मिळेना, म्हणून तो बाटलीला पिसाची नळी लावून त्याला भाताची पेज पाजू लागला. बिलगायला काहीतरी हवे, म्हणून म्हशीच्या कातड्याची गुंडाळी करून त्याने त्याला 'आई'ही करून दिली. सुमारे तीन महिन्यांनी ते दगावले. 'द मलय आर्किपेलागो' (१८६९) या त्याच्या प्रवासवर्णनात हा वत्सल मजकूर शिकारीच्या तपशिलांना लागूनच येतो. वॉलेसला दांभिक ठरवणे सोपे आहे, पण आम्हांस ते पटत नाही. जीव लावणे आणि नमुना जमवणे यांत त्याच्या काळाला विसंगती जाणवतच नव्हती.

डच ईस्ट इंडीजमध्ये १९३१ च्या अध्यादेशाने ओरँगउटानला कायद्याचे संरक्षण दिले. तरीही पिल्लासाठी आईला मारणे थांबले नाही. १९५० च्या दशकात बार्बरा हॅरिसन यांनी सारावाकमध्ये अशी अनाथ पिल्ले वाढवून त्यांना रानात परत धाडण्याचे प्रयोग आरंभले. १९७१ पासून बिरुटे गाल्डिकास तांजुंग पुतिंगच्या दलदलीच्या जंगलात निरीक्षणे करू लागल्या. अशा दीर्घ अभ्यासांतून कळले, की बोर्निओतील मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच विते. एक आई मारली गेली, की तिची भावी पिल्लेही गेली. ही तूट भरून यायला दशके लागतात.

आणि परत धाडायचे तरी कोठे? १९९५ साली सुहार्तो यांच्या राजवटीने मध्य कालिमांतानमधील सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीची जमीन भातशेतीखाली आणायचे ठरवले. हजारो किलोमीटर कालवे खणले गेले, पाणी निघून गेले आणि युगानुयुगे साचलेला वनस्पतींचा ओला थर वाळून सरपण झाला. १९९७ च्या दुष्काळात तो पेटला. भात पिकला नाहीच. १९९९ मध्ये योजना गुंडाळली गेली. या सगळ्यात ओरँगउटानवर बंदूक रोखण्याची गरजही पडली नाही.

२०१७ मध्ये सुमात्रातील बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलातला ओरँगउटान ही स्वतंत्र जात असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. तिचे नाव तापानुली. नाव मिळाले तेव्हा ती आठशेहून कमी उरली होती.