हाफकिनचा ताप आणि आपला

आमच्या तारकर्लीत सत्तरी ओलांडलेली मंडळी जमली की हल्ली न्युमोनियाच्या लशीचा विषय निघतो. "दंड सुजता, ताप येता म्हणे!" की झाले, बेत रद्द! अशा वेळी मला हाफकिन आठवतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती दिली गेली.

पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. दोष लशीचा नव्हता, बाटली दूषित झाली होती. पण हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले.

न्युमोकोकस जंतूच्या २३ प्रकारांवरची लस १९८३ पासून आहे. नंतर १३ आणि २० प्रकारांच्या नव्या लशी आल्या; २० वाली बहुधा एकदाच पुरते. दंडदुखी, कणकण बहुतेकांची दोन-तीन दिवसांत जाते. प्रत्येक न्युमोनिया यांनी टळत नाही, पण गंभीर आजाराचा धोका कमी होतो.

म्हणून मंडळी, कोणती लस, कधी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पूर्वी एखाद्या लशीचा जोराचा त्रास झाला असेल तर तोही सांगा. मात्र नुसत्या कणकणीला भिऊन निर्णय घेऊ नका. मुलकोवाल वेगळे आणि दुखरा दंड वेगळा.