हौशी छायाचित्रकार आणि त्याचे परीक्षक

वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता मोठा चिकित्सक असतो. वक्ता व्यासपीठावरून खाली उतरतो न उतरतो तोच मागच्या बाकांवर त्याच्या भाषणाचे गुणदोष निघू लागतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राने ही सवय अंगी बाणवली आहे. भाषण, नाटक, गाणे यांविषयी आम्ही मंडळी तासन् तास बोलू शकतो. परंतु शेजारच्या मुलाने स्वतः धुतलेले एखादे कृष्णधवल छायाचित्र हातात ठेवले, तर आमच्या तोंडून दोनच शब्द निघतात : "छान आहे." किंवा "काळे आले आहे." पहिल्याने त्याचे काही भले होत नाही आणि दुसऱ्याने त्याला वाट सापडत नाही. हौशी माणसाच्या छायाचित्रावर अभिप्राय द्यावा कसा आणि घ्यावा कसा, या प्रश्नाला आपल्या प्रांतात दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहण्याचा आमचा विचार आहे.

इतिहासाचा आरंभ मुंबईस होतो. १८५४ साली तेथे 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. लंडनची संस्था तिच्याहून एकाच वर्षाने वडील. म्हणजे या कलेत आपण फार मागून आलो असे मुळीच नाही. गोरे अधिकारी व व्यापारी यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या संस्थेत होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले वैद्य. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला आणि पुढे नावारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण तेथेच शिकले. १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक मासिक चित्रसंग्रह काढला. त्याच्या प्रत्येक अंकात खरी छायाचित्रे चिकटवलेली असत. 'हौशी' हा शब्द त्या काळी कमीपणाचा नव्हता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या पिढीच्या चर्चा कोणत्या प्रकारच्या असणार, हे त्या काळची कृती पाहिली म्हणजे समजते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि लेप सुकण्यापूर्वी अंधारात धुऊन काढावयाची. सारा खेळ काही मिनिटांचा. मुंबईच्या उन्हाळ्यात तर ती मिनिटेही घटत. चित्रावर रेघ उठली तर काच नीट पुसली नव्हती, कोपरा उडाला तर लेप आधीच सुकला होता. म्हणून दोष दाखविणे आणि दोषाचे कारण सांगणे ही एकच गोष्ट होती. टीका करणाऱ्याचे हातही रुप्याच्या क्षाराने काळे झालेले असत, त्यामुळे टीकेत तोरा राहण्याचे कारण नव्हते.

पुढे कोरड्या काचा आल्या. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला आणि काम दोन घरांत वाटले गेले : कळ दाबणारा एक आणि धुणारा दुसरा. कॅमेरा घरोघर गेला ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु चित्र का बिघडले हे कळ दाबणाऱ्याला कळेनासे झाले आणि पाहणाऱ्यालाही सांगता येईनासे झाले. मग कृतीची चर्चा मागे पडून रचनेची, भावाची, 'कलात्मकतेची' चर्चा पुढे आली. ठिकठिकाणी मंडळे निघाली, प्रदर्शने भरू लागली. मुंबईस १९३२ साली 'कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली अखिल भारतीय स्वरूपाचे 'फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी' स्थापन झाले. या संस्थांनी हौशी माणसाला पुष्कळ दिले. मात्र प्रदर्शनाच्या परीक्षकासमोर चित्रांचा ढीग असतो व वेळ थोडा असतो. त्याचा निर्णय स्वीकार किंवा नकार एवढाच होतो. निकाल मिळतो, कारण मिळत नाही. शिकणाऱ्याला तर कारणाचीच गरज असते.

टीका द्यावी कशी आणि घ्यावी कशी, याचे एक मासलेवाईक उदाहरण इंग्लंडात सापडते. आमच्या रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला त्याच, १८५६ साली जन्मलेला पीटर हेन्री एमर्सन हा पेशाने डॉक्टर. हेन्री पीच रॉबिन्सन हे त्या काळचे मोठे प्रस्थ. त्यांनी १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून मरणोन्मुख मुलीचे एक चित्र तयार केले आणि ते बरेच गाजले. एमर्सनला अशी जोडाजोड मुळीच मान्य नव्हती. निसर्ग डोळ्याला दिसतो तसाच चित्रात यावा, असा त्याचा आग्रह. १८८९ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला आणि विरोधकांवर असे काही कोरडे ओढले की स्नेही दुरावले. परंतु याच माणसाची दुसरी बाजू पाहा. १८९० साली हर्टर व ड्रिफील्ड यांचे शास्त्रीय संशोधन प्रसिद्ध झाले. प्रकाश किती दिला व चित्र किती धुतले यांवरून काळेपणाचे प्रमाण नियमाने ठरते, असे त्यात दाखविले होते. आपल्या मनाप्रमाणे छटा फिरवता येतात हा स्वतःचा दावा टिकत नाही असे एमर्सनला वाटले, तेव्हा त्याने काळ्या चौकटीची एक पुस्तिका छापून आपल्याच मताचा मृत्यू जाहीर केला. छायाचित्रण ही कलाच नव्हे, इतक्या दुसऱ्या टोकाला तो गेला हे आम्हांस पटत नाही. पण चूक उघडपणे कबूल करण्याचे त्याचे धैर्य आदर्श मानावे लागेल. देताना त्याने ताळतंत्र सोडले, घेताना मात्र मान लववली.

टीका चित्रावरून घसरून माणसावर गेली म्हणजे काय होते, हे कलकत्त्याने दाखविले. तेथील बंगालच्या छायाचित्रण संस्थेत राजेंद्रलाल मित्र हे थोर विद्वान खजिनदार होते. १८५७ साली एका जाहीर सभेत त्यांनी नीळवाल्या गोऱ्यांच्या वर्तनावर कडक शब्द उच्चारले, आणि त्यापायी त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या छायाचित्रांत कोणता दोष होता? एकही दाखविण्यात आला नव्हता. उलट प्रकारचा दाखला होमाई व्यारावाला यांचा. आपल्या देशातील या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, पण त्यांची आरंभीची चित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. पुरुषाचे नाव खाली असताना ती चित्रे वाचकांच्या डोळ्यांना खटकली नाहीत. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने नावावर हात ठेवून चित्र पाहावे, हे बरे.

आता आमच्या गावाकडे येऊ. रत्नागिरीची भूमी कृष्णधवल चित्राची कसोटी पाहणारी आहे. जांभ्याची तांबडी भिंत आणि तिच्यामागची हिरवी झाडी डोळ्याला किती वेगळी दिसते! पण फिल्मला रंग नाहीत, उजेड तेवढा कळतो. तांबडे आणि हिरवे दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात आणि भिंत झाडीत बुडून जाते. जुन्या, तांबड्या रंगाला आंधळ्या असणाऱ्या फिल्मवर तर तोच जांभा जवळजवळ काळा येई. अशा वेळी "चित्र सपाट आहे" म्हणणारा खरे बोलतो पण अर्धेच बोलतो. "भिंगापुढे नारिंगी काच लाव, जांभा उजळेल आणि आकाश गडद होईल," असे म्हणणारा पुढच्या रविवारचे चित्र सुधारून देतो. धुण्याचे रसायन सामान्यतः वीस अंश सेल्सिअसचे धरतात. आमच्या नळाचे पाणी उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ गरम. त्यात जिलेटिन मऊ पडते, चित्र भडक धुतले जाते. येथे दोष मुलाच्या दृष्टीचा नसतो, पाण्याचा असतो. बर्फ घातलेल्या परातीत रसायनाचे भांडे ठेवले की काम भागते.

एक कबुली दिल्यावाचून हा विषय संपविणे बरे नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहानशा प्रदर्शनात एका तरुणाने चुलीपुढे बसलेल्या बाईचे चित्र लावले होते. कोणी एक रसिक मोठ्याने म्हणाले, "चूल दिसते, बाई कुठे आहे?" सारे हसले. आम्हीही हसलो. त्या तरुणाने पुन्हा चित्र लावले नाही. पुढे योगायोगाने त्याची निगेटिव्ह आम्ही उजेडापुढे धरून पाहिली. तीत बाईचा चेहरा, कपाळावरची आठी, हातातली फुंकणी, सारे स्वच्छ होते. कागदावर छापताना त्या भागावर काही सेकंद हात आडवा धरून उजेड अडवला असता, तर ती बाई अंधारातून वर आली असती. ती त्याची आई होती, हेही आम्हांस तेव्हाच कळले. सांगण्यासारखे एकच वाक्य होते, आणि त्याच्या जागी आम्ही एक हशा दिला.

या इतिहासातून आम्ही आमच्यापुरते जे शिकलो ते असे. चित्र हातात घेतल्यावर प्रथम गप्प बसावे आणि डोळा कोठे जातो ते पाहावे. जे साधले आहे ते नेमके सांगावे, कारण आपले काय बरोबर आले हेही शिकणाऱ्याला ठाऊक नसते. मग दोष काढावा आणि तो कोठे शिरला ते शोधावे : उभे राहण्याच्या जागेत, निगेटिव्हमध्ये की छपाईत? त्याचसाठी निगेटिव्ह मागून पाहावी. उपाय एका वेळी एकच सांगावा. आणि ज्याचे चित्र आहे त्याने तेवढा वेळ समर्थन करू नये. 'त्या दिवशी मळभ होते' हे आपण सांगू शकतो, भिंतीवर टांगलेले चित्र सांगू शकत नाही. सारे ऐकावे, टिपून घ्यावे, आणि पटेल ते पुढच्या कागदावर करून पाहावे. न पटेल ते सोडण्याचा हक्क त्याचाच आहे.

आज बोटाच्या एका स्पर्शाने रंगीत चित्र कृष्णधवल होते आणि स्तुतीही तितक्याच सहज मिळते. तरीही अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना पाहणारी मुले अजून आहेत. त्यांतला कोणी ओला कागद घेऊन आपल्या दारी आला, तर "छान आहे" म्हणून त्याला परत पाठवू नका. खिडकीपाशी चला, चष्मा लावा, आणि त्याला आधी विचारा, "निगेटिव्ह आणली आहेस का?"